दहा वर्षं पाळणा हलला नाही, मग दहा मुलं

फ्लॉरेन्सची अनाथ पोर कॅथरिन द मेदिची १५३३ मध्ये, चौदाव्या वर्षी फ्रान्सच्या राजपुत्राला, हेन्रीला दिली. दहा वर्षं दिवस गेले नाहीत. बोल अर्थातच तिलाच. तिला टाकून दुसरी सून आणायची कुजबुज दरबारात सुरू झाली. बिचारी खेचराचं मूतही प्यायली म्हणतात. शेवटी वैद्य जाँ फर्नेल यांनी दोघांनाही तपासलं, नवऱ्यालासुद्धा, असं सांगतात. जानेवारी १५४४ मध्ये मुलगा झाला. पुढं एकूण दहा मुलं. आजचे डॉक्टर वर्षभरच थांबा म्हणतात, बाई पस्तिशीपुढची असली तर सहाच महिने. आणि तपासणी जोडीनं. १५८९ मध्ये कॅथरिन वारली, तेव्हा गादीवर तिचाच मुलगा होता.