मागे राहिलेला अधिकारी

(द्वितीय वर्ष, कला)

आयसेनहॉवर हे नाव आपल्याला दोन गोष्टींसाठी ठाऊक असते. 6 जून 1944 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याचे ते सरसेनापती होते आणि 1953 ते 1961 अशी आठ वर्षे ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. इतिहासाच्या पेपरात एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु ग्रंथालयात त्यांचे चरित्र वाचताना माझे मन गुंतले ते 1918 सालात. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते आणि या भावी सेनापतीला रणभूमीचे दर्शनसुद्धा घडत नव्हते.

ड्वाइट आयसेनहॉवर यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1890 चा. कॅन्सस राज्यातील ॲबिलीन या लहान गावात ते वाढले. वडील तिथल्या लोण्याच्या कारखान्यात नोकरीला. घरात सहा मुलगे. कॉलेजचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा ड्वाइट आणि त्यांचा थोरला भाऊ एडगर यांनी आपसात ठरवले की, एकाने शिकायचे, दुसऱ्याने कमवून पैसे पाठवायचे आणि मग पाळी बदलायची. पहिली पाळी एडगरची आली. ड्वाइट त्याच कारखान्यात राबू लागले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो. माझा थोरला भाऊ दहावीनंतर गॅरेजमध्ये लागला, म्हणून मी आज या कॉलेजात आहे. आमच्या घरी पाळी बदलण्याचे मात्र काही ठरलेले नाही.

ड्वाइट यांचीही पाळी तशी आलीच नाही. फी नसलेले शिक्षण म्हणून त्यांनी स्पर्धा परीक्षा दिली आणि 1911 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश मिळवला. 1915 मध्ये ते अधिकारी होऊन बाहेर पडले. 1917 च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. प्रत्येक तरुण अधिकाऱ्याचे डोळे फ्रान्सकडे लागले होते. परंतु ड्वाइट यांच्या हाती नवख्यांना शिकवण्याची कला होती आणि हाच गुण त्यांना आडवा आला. जॉर्जियातील छावणी झाली, मग कॅन्ससमधील लेव्हनवर्थ. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला स्कॉट फिट्झजेराल्ड लेव्हनवर्थला त्यांच्या हाताखाली कवायत करीत होता. आघाडीवर पाठवा, असे अर्ज ड्वाइट करीत राहिले. अर्ज फेटाळले गेले, वर कानउघाडणीही झाली.

मार्च 1918 मध्ये त्यांना पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे पाठवण्यात आले. अमेरिकेच्या यादवी युद्धातील मोठी लढाई जुलै 1863 मध्ये याच गावाच्या शिवारात झाली होती. त्या जुन्या रणभूमीवर कॅम्प कोल्ट ही छावणी उभारून रणगाडा दलाचे जवान तयार करायचे होते. प्रमुख होते सत्तावीस वर्षांचे कॅप्टन आयसेनहॉवर. अडचण एकच, छावणीत एकही रणगाडा नव्हता!

दुसरा कोणी असता तर रणगाडे येईपर्यंत कवायतीवर वेळ काढला असता. त्यांनी उघड्या ट्रकवर मशीनगन बसवल्या आणि ट्रक चालता ठेवून जवानांना नेम धरायला शिकवले. गोळ्या अडायला समोर टेकडीचा उतार होताच. मशीनगन सुटी करून पुन्हा जोडण्याचा सराव तर इतका की, डोळे बांधूनही ती जोडता यावी. तारायंत्राचे वर्ग निघाले. एप्रिलमध्ये अवेळी बर्फ पडले तेव्हा तंबूंतल्या जवानांसाठी त्यांनी गावातून शेगड्या विकत आणल्या. बंदी असताना जवानांना दारू विकणाऱ्या एका हॉटेलाभोवती त्यांनी पहारा बसवला. मालक संसद सदस्याला घेऊन तक्रारीला आला, तरी ते हटले नाहीत. उन्हाळ्यात फ्रेंच बनावटीचा एक लहान रणगाडा आला तेव्हा छावणीत केवढा आनंद झाला असेल! पुढे जवानांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली.

सप्टेंबरमध्ये शत्रू आला तो निराळाच. आपल्याकडे जिला मानमोडी म्हणत, तीच इन्फ्लुएन्झाची साथ छावणीत शिरली. तंबूंतली गर्दी कमी केली, आजाऱ्यांना वेगळे काढले, छावणीच्या डॉक्टरांना हवी ती मोकळीक दिली. तरीही दीडशेहून अधिक जवान दगावले. ज्यांना लढायला शिकवले, ती मुले एकही गोळी न झाडता गेली. पत्नी मेमी आणि वर्षाचा मुलगा जवळच राहत होते, ते बचावले. परंतु हाच मुलगा जानेवारी 1921 मध्ये दुसऱ्या आजाराने गेला. ते दुःख त्यांना जन्मभर पुरले.

अठ्ठाविसाव्या वाढदिवशी ते लेफ्टनंट कर्नल झाले. फ्रान्सला निघण्याचा हुकूमही हाती पडला. तारीख होती 18 नोव्हेंबर. 11 नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. जग आनंदाने नाचत असताना हा अधिकारी आपल्या कचेरीत खिन्न बसला होता. आता लोकांना काय सांगायचे, की मी युद्धात छावणी सांभाळीत होतो? शांतता येताच युद्धकाळातील हुद्दाही गेला आणि 1936 पर्यंत ते मेजरच्या वर चढले नाहीत.

पुढचे सर्वांना माहीत आहे. परंतु नॉर्मंडीच्या यशाने छावणीतल्या त्या आठ महिन्यांचे सोने झाले, असे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. त्या वेळी पुढचे यश त्यांना दिसत नव्हते. दिसत होते ते एवढेच की, इतर जण निघाले आहेत आणि आपण मागे राहिलो आहोत. मनात ही सल असूनही त्यांनी शिकवण्यात कसूर केली नाही. मला त्यांचा मोठेपणा इथेच वाटतो.

दिवाळीच्या सुट्टीत ही हकिकत मी भावाला सांगितली. सरसेनापतिपदाचे त्याला विशेष काही वाटले नाही. रणगाडा नसताना शिकवले कसे, एवढेच त्याने विचारले. मी ट्रकवरच्या मशीनगनचे सांगितले. तो थोडा वेळ विचारात पडला, मग त्याने मान डोलावली. त्याला तो माणूस पटला होता.