तांबे वाचले, जहाज अडले

संगणकाची जुळणी स्वतः करून त्याचा प्रोसेसर पाण्याने थंड ठेवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक नियम पक्का असतो : पाण्याच्या एकाच फेऱ्यात तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आणायचे नाहीत. प्रोसेसरवर बसणारा ठोकळा तांब्याचा आणि उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा असला, की अ‍ॅल्युमिनियमला हळूहळू खड्डे पडतात, गाळ सुटतो आणि तो ठोकळ्यातल्या केसासारख्या बारीक खाचांमध्ये अडकतो. पाण्यातले दोन धातू एकमेकांशी असे का वागतात, हे ओळखून त्याचाच उपयोग धातू वाचवण्यासाठी प्रथम करणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव हम्फ्री डेव्ही.

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील पेन्झन्स या बंदराच्या गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करत. १७९४ मध्ये ते वारले आणि मागे कर्ज राहिले. पुढच्या वर्षी थोरल्या हम्फ्रीला गावातल्या एका वैद्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. औषधे कुटता-मिसळता त्यांना रसायनांचा नाद लागला. १७९८ मध्ये ते ब्रिस्टलला गेले. तेथे वायूंनी रोग बरे करता येतात का, हे पाहणारी एक संस्था नुकतीच निघाली होती. डेव्ही वायू स्वतः हुंगून पाहत. नायट्रस ऑक्साइडने वेदना कमी होतात आणि शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, हे त्यांनी १८०० मध्येच लिहून ठेवले. दंतवैद्यांनी तो वायू हाती घ्यायला १८४४ साल उजाडले.

१८०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने त्यांना बोलावले. इटलीच्या व्होल्टा यांनी विद्युतघट तयार केल्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. डेव्ही यांनी त्या घटाने पदार्थ फोडायला सुरुवात केली. १८०७ मध्ये पोटॅशियम आणि त्यामागोमाग सोडियम, १८०८ मध्ये मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे धातू त्यांनी वेगळे केले. या कामातून त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला : रासायनिक क्रिया आणि वीज यांचे मूळ एकच असावे. तसे असेल, तर विजेची बाजू बदलून रासायनिक क्रिया थांबवताही आली पाहिजे.

१८१२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १८१३ मध्ये पुस्तकबांधणीचे काम शिकलेल्या मायकेल फॅरेडे या तरुणाला त्यांनी मदतनीस म्हणून घेतले. १८१५ मध्ये कोळशाच्या खाणीतील स्फोट टाळणारा सुरक्षा दिवा त्यांनी तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. १८२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. अशा ऐन भरात असताना ब्रिटिश नौदलाची एक जुनी अडचण त्यांच्यासमोर आली.

त्या काळी युद्धनौका लाकडी होत्या. समुद्रातील किडे लाकूड पोखरत आणि तळाला शेवाळ, शिंपले, बार्नेकल चिकटून जहाजाचा वेग मंदावे. म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. किडे आणि शिंपले दूर राहत, पण खाऱ्या पाण्यात तांबेच झिजत जाई. त्यावर हिरवा थर चढे, पत्रे पातळ होत आणि काही वर्षांत बदलावे लागत. अख्ख्या आरमाराला हे करायचे म्हणजे खर्च मोठा. १८२३ मध्ये नौदलाने रॉयल सोसायटीचा सल्ला मागितला आणि डेव्ही यांनी हे काम स्वतःकडे घेतले.

तांबे भेसळीचे असल्यामुळे झिजते, असा बऱ्याच जणांचा समज होता. शुद्धातले शुद्ध तांबेही समुद्राच्या पाण्यात झिजते, हे डेव्ही यांनी प्रयोगाने दाखवले. झीज होण्यासाठी पाण्यात विरघळलेली हवा लागते, हेही त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी विजेकडून विचार केला. तांब्याला त्याच्याहून अधिक क्रियाशील धातूचा स्पर्श घडवला, तर झिजण्याचे काम तो दुसरा धातू करील आणि तांबे शाबूत राहील. जस्ताचा वाटाण्याएवढा तुकडा किंवा लहानशा लोखंडी खिळ्याचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरते, असे दिसून आले. तुकडा पत्र्यावर कुठेही जोडला किंवा तारेने दुरून जोडला, तरी परिणाम तोच. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा सत्तरहून अधिक वर्षे अवकाश होता. आज सांगायचे, तर जस्त किंवा लोखंड इलेक्ट्रॉन सोडून स्वतः विरघळते आणि ते इलेक्ट्रॉन मिळाल्याने तांब्याला विरघळावे लागत नाही.

जानेवारी १८२४ मध्ये डेव्ही यांनी हे काम रॉयल सोसायटीपुढे मांडले. पोर्ट्समथच्या बंदरात तांब्याचे पत्रे अनेक आठवडे बुडवून ठेवण्यात आले. रक्षक धातूचे क्षेत्रफळ तांब्याच्या चाळिसाव्या ते एकशेदहाव्या भागाएवढे असेल, तर तांबे मुळीच झिजत नव्हते. जस्तापेक्षा ओतीव लोखंड, म्हणजे बीड, स्वस्त आणि टिकाऊ ठरले. कोचीनला बांधलेल्या समरांग या युद्धनौकेच्या तळाला बिडाचे ठोकळे बसवून तिला नोव्हा स्कॉशियाला पाठवण्यात आले. जानेवारी १८२५ मध्ये ती परतली, तेव्हा तांबे बहुतेक जसेच्या तसे होते. सिद्धान्त खरा ठरला. अनेक जहाजांना असे रक्षक बसले.

पण गोदीत तळ तपासायला घेतलेल्या इतर जहाजांवर वेगळेच दृश्य दिसू लागले. तांबे चकचकीत, पण त्यावर शेवाळाचे आणि बार्नेकलचे दाट रान. जहाजे जड झाली, वेग घटला. युद्धनौकेला मंद वेग परवडत नाही.

कारण साधे होते. जिवांना दूर ठेवत होते ते तांब्याचे झिजणेच. तळावरून थोडे थोडे तांबे पाण्यात विरघळत राही आणि चिकटायला आलेल्या कोवळ्या जिवांना ते विषासारखे बाधे. झीज थांबली आणि विषही थांबले. त्यातच रक्षण जास्त झालेल्या तांब्यावर समुद्रातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा पांढरा खरखरीत थर बसे. जिवांना धरायला आयती जागा मिळे. हा थर डेव्ही यांनी आपल्या प्रयोगात पाहिला होता. तांबे पुरेसे वाचेल आणि तळही स्वच्छ राहील, असे मधले प्रमाण ते शोधत होते. नौदलाला तेवढा धीर नव्हता. १८२५ मध्येच रक्षक काढून टाकण्याचे हुकूम सुटले. वर्तमानपत्रांतून अध्यक्षमहाशयांची टवाळी झाली.

डेव्ही यांना हा घाव लागला. १८२६ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि प्रकृतीसाठी युरोपात फिरत असताना २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास.

त्यांची कल्पना मात्र चुकीची नव्हती. तिने एकच अडचण सोडवली होती आणि त्याच पत्र्यावर दुसरीही अवलंबून होती. पुढे पोलादी जहाजे आली, तेव्हा ही दोन कामे वेगळी केली गेली : गंज थांबवायला जस्ताचे ठोकळे आणि जिवांना रोखायला विषारी रंग. जमिनीत पुरलेल्या तेलवायूच्या नळांचे रक्षण याच तत्त्वावर होते. घरातल्या साठवणीच्या गिझरमध्ये बलिदानासाठी असते ती मॅग्नेशियमची दांडी. तो धातूही डेव्ही यांनीच प्रथम वेगळा केलेला. ही दांडी वेळेवर बदलली नाही, तर गंज टाकीकडे वळतो.

संगणकाच्या फेऱ्यात मात्र बलिदानाचा तुकडा टाकून चालत नाही. विरघळलेला धातू बंद नळ्यांतच फिरत राहतो आणि गाळ होऊन खाचा बुजवतो. तेथे उपाय मुळातच करायचा असतो. ठोकळा, रेडिएटर आणि जोड तांबे, पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेले तांबे अशा जवळच्या धातूंचे घ्यावेत. नळाचे पाणी घालू नये, कारण त्यातील क्षार वीज वाहू देतात आणि क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक मिसळलेले असावे. तांब्यासाठी बेन्झोट्रायझोल हे नेहमीचे रसायन. आणि शेवाळ-जिवाणूंसाठी जंतुनाशक वेगळे. गंजरोधक उत्तम असले तरी ते जिवांना मारत नाही, हे समरांगच्या काळातच दिसून आले आहे. दोन्ही रसायने कालांतराने संपतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत पाणी बदलावे. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या तयार कूलरमध्ये कधी कधी तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र असतात. तेथे सगळी भिस्त आतल्या गंजरोधकावर असते. म्हणून त्यात साधे पाणी भरण्याचा मोह टाळावा.

या फेऱ्यातील भांडखोर अ‍ॅल्युमिनियमचे नावही डेव्ही यांच्याकडूनच आले. तुरटीच्या लॅटिन नावावरून त्यांनी ते सुचवले, पण तो धातू काही त्यांच्या हाती लागला नाही. तो प्रथम वेगळा झाला १८२५ मध्ये, डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांच्या हातून. त्याच वर्षी ब्रिटिश गोद्यांमध्ये जहाजांच्या तळांवरून डेव्ही यांचे रक्षक काढले जात होते.