मुलाला शिकायला दूर पाठवणारी आई : संत मोनिका

ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ख्रिस्तसभा एका आईचा आणि तिच्या मुलाचा सण लागोपाठच्या दोन दिवशी साजरा करते. २७ ऑगस्ट हा संत मोनिकाचा दिवस आणि २८ ऑगस्ट हा तिचा मुलगा संत ऑगस्टीन याचा. याच सुमारास आपल्या धर्मग्रामातील काही घरांत एक खाट रिकामी झालेली असते. बारावीचा निकाल लागतो, प्रवेश मिळतो आणि मुलगा किंवा मुलगी बॅगा भरून दूरच्या शहरातल्या कॉलेजात निघून जाते. फीचे पैसे कसेबसे उभे राहतात. पण मूल तिथे कसे राहील, कुणाच्या संगतीत पडेल, रविवारी मिस्साला जाईल ना, हा घोर आईबापांच्या मनाला लागून राहतो.

सोळाशे वर्षांपूर्वी मोनिकाच्या मनाला हाच घोर लागला होता. आपण तिला मुलासाठी रडणारी आई म्हणून ओळखतो. परंतु तिने मुलाला शिकवण्यासाठी काय काय केले, त्यात तिचे कुठे चुकले आणि ती कशी बदलत गेली, हे पाहिले तर ती आपल्याला अधिक जवळची वाटेल. हे सारे आपल्यापर्यंत आले ते ऑगस्टीनने लिहून ठेवलेल्या आत्मकथनामुळे.

तगास्तेचे घर

मोनिकाचा जन्म इ. स. ३३१ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तगास्ते या लहान गावी झाला. आजच्या अल्जेरिया देशातील सूक अहरास म्हणजेच ते तगास्ते. तेव्हा तिथे रोमन साम्राज्याची सत्ता होती. मोनिकाचे माहेर ख्रिस्ती होते. घरातल्या एका वृद्ध दाईने तिला कडक शिस्तीत वाढवले. तरीही पिंपातून द्राक्षारस आणायला पाठवले की ही मुलगी चोरून घोट घेई, आणि घोटाचा पेला कधी झाला हे तिलाही कळले नाही. एके दिवशी घरातल्या दासीने भांडणाच्या भरात तिला दारूडी म्हणून हिणवले. ते मोनिकाच्या जिव्हारी लागले आणि तिने ती सवय तिथेच सोडली. वाईट सवय कशी हळूच शिरते, हे तिला स्वानुभवाने ठाऊक होते.

तिचे लग्न पात्रिसियस या गृहस्थाशी झाले. तो ख्रिस्ती नव्हता. गावच्या नगरसभेत त्याला स्थान होते, थोडी जमीन होती. पण मान मोठा आणि पैसा बेताचा अशी स्थिती. स्वभावाने तो उदार, पण भयंकर तापट होता आणि पत्नीशी एकनिष्ठही नव्हता. सासूचे कान नोकराण्यांनी भरलेले. या घरात मोनिकाने धीराने दिवस काढले. पतीचा राग निवळल्यावर ती शांतपणे आपले म्हणणे सांगे. कालांतराने सासू तिच्या बाजूची झाली. पात्रिसियसनेही आयुष्याच्या अखेरीस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या तीन मुलांची माहिती मिळते: ऑगस्टीन, नाविगियस आणि एक मुलगी.

वाया गेलेले वर्ष

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी झाला. मुलगा कमालीचा हुशार निघाला. तगास्तेत मिळण्यासारखे शिक्षण संपले तेव्हा आईबापांनी त्याला सुमारे ३० किलोमीटरवरच्या मदौरा या गावी ठेवले. पुढचा टप्पा कार्थेजचा होता. हे शहर आजच्या ट्युनिस शहराजवळ आहे; तगास्तेपासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर. तिथे वक्तृत्वशास्त्र शिकलेल्या मुलाला न्यायालयात किंवा सरकारदरबारी मोठी जागा मिळू शकत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर घराचे दैन्य फिटण्याची ती वाट होती.

पण तिथला खर्च झेपणार कसा? ऑगस्टीन सोळा वर्षांचा असताना पैशांअभावी त्याला घरी परत यावे लागले आणि पुरे एक वर्ष तो रिकामा बसला. पात्रिसियसने पोटाला चिमटा काढून पैसे जमवायला सुरुवात केली. त्याच्यापेक्षा श्रीमंत लोक मुलांसाठी एवढे करत नव्हते, म्हणून गावात त्याचे कौतुक होई. इकडे मुलगा मात्र टवाळ मित्रांबरोबर रात्री-बेरात्री भटकत होता. शेजारच्या झाडावरची नासपतीची फळे त्यांनी चोरली ती याच वर्षी. भुकेसाठी नव्हे, नुसत्या मौजेसाठी. थोडी चाखली आणि बाकीची डुकरांना टाकली.

मोनिकाच्या लक्षात आले होते की मुलगा वयात येतो आहे. तिने त्याला एकांतात बसवून स्त्रियांच्या बाबतीत जपून राहण्यास कळकळीने सांगितले. ऑगस्टीनला ती बायकी बडबड वाटली. लवकर लग्न लावून दिले असते तर तो सावरला असता. पण तसे केल्यास शिक्षणात खीळ बसेल, अशी भीती बापाप्रमाणे आईलाही वाटली. विद्येमुळे तो देवाकडे वळेल, अशी तिची आशा होती. पुढे ऑगस्टीनने आईबद्दल अतिशय प्रेमाने लिहिले आहे, पण ही गोष्ट त्याने झाकलेली नाही. मुलाच्या आत्म्याची काळजी असतानाही करिअरला पहिली जागा देण्याचा मोह मोनिकालाही आवरला नाही.

कार्थेजला रवानगी

अखेर पैसे जमले. रोमानियानस नावाच्या तगास्तेतल्या एका श्रीमंत गृहस्थानेही मदतीचा हात दिला. साधारण ३७१ साली, सतरा वर्षांच्या वयात, ऑगस्टीन कार्थेजला गेला. त्याच सुमारास पात्रिसियसचे निधन झाले. चाळिशीच्या मोनिकावर विधवापण आले आणि मुलाच्या शिक्षणाचा भार तिच्या अंगावर पडला. तिने मुलाला परत बोलावले नाही. ती पैसे पाठवत राहिली.

कार्थेजमध्ये ऑगस्टीनने अभ्यासात पहिला क्रमांक सोडला नाही. परंतु आईला ज्याची भीती होती तेही घडले. तो एका स्त्रीबरोबर विवाहाशिवाय राहू लागला आणि त्यांना अदेओदातस नावाचा मुलगा झाला. एकोणिसाव्या वर्षी सिसेरो या रोमन लेखकाचा एक ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि सत्य शोधण्याची ओढ त्याच्या मनात जागी झाली. बायबल उघडले, तर त्याची भाषा त्याला साधी, गावंढळ वाटली. मग तो मानी या धर्मसंस्थापकाच्या पंथात सामील झाला. हा पंथ चांगले आणि वाईट अशा दोन सनातन शक्ती मानत असे. ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षे या पंथाबरोबर राहिला.

बंद केलेले दार

शिक्षण संपवून ऑगस्टीन शिकवण्यासाठी गावी परतला, तेव्हा मोनिकाला मोठा धक्का बसला. ज्या मुलासाठी एवढा खर्च केला, तो आईच्या श्रद्धेची टर उडवू लागला होता. तिने त्याला आपल्या घरात राहू देण्यास आणि आपल्या पंगतीला बसू देण्यास नकार दिला.

हे दार फार काळ बंद राहिले नाही. मोनिकाला एक स्वप्न पडले. ती एका लाकडी पट्टीवर उभी राहून रडत होती. एक तेजस्वी तरुण हसत तिच्याकडे आला आणि त्याने तिला दुःखाचे कारण विचारले. जिथे ती उभी आहे तिथेच तिचा मुलगाही असेल, असे सांगून त्याने तिला पाहायला लावले. तिने वळून पाहिले तर ऑगस्टीन तिच्याच शेजारी त्याच पट्टीवर उभा होता. ऑगस्टीनने या स्वप्नाचा अर्थ उलटा लावला. आईच एके दिवशी आपल्या पंथात येईल, असे तो म्हणाला. मोनिकाने क्षणभरही न थांबता त्याची चूक दाखवली : मुलगा आईच्या जागी येईल असे सांगितले होते, आई मुलाच्या जागी नव्हे. त्यानंतर तिने त्याला पुन्हा घरात घेतले. मत बदलल्यावरच घरात ये, अशी अट तिने घातली नाही.

याच काळात ती एका बिशपांकडे गेली आणि मुलाशी वाद घालून त्याला समजावण्याची विनंती केली. ते बिशप लहानपणी स्वतः त्याच पंथात वाढले होते. त्यांनी नकार दिला. मुलगा सध्या नव्या मतांच्या धुंदीत आहे, तो ऐकणार नाही. त्याला वाचू द्या, चूक त्याची त्यालाच कळेल. तुम्ही प्रार्थना करा, असे त्यांनी सांगितले. मोनिका रडत पुन्हा पुन्हा विनवू लागली. तेव्हा किंचित वैतागून त्यांनी तिला निरोप दिला आणि एवढे अश्रू ज्याच्यासाठी वाहिले तो मुलगा नष्ट होणे शक्य नाही, असेही सांगितले. हे बोल मोनिकाने देवाकडून आल्यासारखे जपले.

बंदरावरची रात्र

ऑगस्टीन पुन्हा कार्थेजला जाऊन शिकवू लागला. तिथल्या विद्यार्थ्यांच्या दंगामस्तीला कंटाळून ३८३ साली त्याने रोमला जायचे ठरवले. मोनिका बंदरापर्यंत त्याच्यामागे आली. एकतर त्याने परत यावे, नाहीतर तिलाही बरोबर न्यावे, असा तिचा हट्ट होता. ऑगस्टीन खोटे बोलला. एका मित्राला निरोप द्यायचा आहे, वारा सुटेपर्यंत त्याच्याबरोबर थांबतो, असे त्याने सांगितले. जवळच संत सिप्रियान यांचे प्रार्थनास्थळ होते. तिथे रात्र काढायला त्याने तिला कसेबसे राजी केले. ती आत प्रार्थना करत, रडत राहिली आणि रात्रीच गलबत निघून गेले. सकाळी किनाऱ्यावर मोनिकाच्या दुःखाला पारावार उरला नाही.

मुलाने जाऊ नये, एवढेच ती त्या रात्री मागत होती. देवाने ते दिले नाही. पण रोमहून ऑगस्टीनला मिलान शहरात वक्तृत्वाच्या प्राध्यापकाची सरकारी जागा मिळाली, आणि मिलानमध्ये बिशप ॲम्ब्रोज होते. मोनिकाची मोठी मागणी ज्या वाटेने पुरी व्हायची होती, तीच वाट तिला अडवायची होती.

मिलानमध्ये

मोनिका समुद्र ओलांडून ३८५ साली मिलानला पोहोचली. वादळात खलाशी घाबरले तेव्हा तिनेच त्यांना धीर दिला. ऑगस्टीनने मानीचा पंथ सोडला होता, पण तो अजून ख्रिस्ती झाला नव्हता. हे ऐकून ती हर्षाने उड्या मारू लागली नाही आणि निराशही झाली नाही. काम अर्धे झाले आहे, उरलेलेही होईल, असा तिचा विश्वास होता.

इथे तिला स्वतःलाही शिकावे लागले. आफ्रिकेतल्या रीतीप्रमाणे ती हुतात्म्यांच्या स्मारकांवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन गेली. बिशप ॲम्ब्रोज यांची मनाई आहे, असे द्वारपालाने सांगताच तिने ती टोपली खाली ठेवली आणि पुन्हा कधी नेली नाही. नव्या गावी जुन्या चालीरीतींवरून हट्ट धरायचा नसतो, हे तिने सहज स्वीकारले.

मिलानमधला एक प्रसंग मात्र वाचताना आपल्याला बोचतो. ऑगस्टीनसाठी चांगल्या घरातली मुलगी पाहण्यात मोनिका पुढे होती. ते लग्न जुळावे म्हणून पंधराएक वर्षे त्याच्याबरोबर राहिलेल्या स्त्रीला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. मुलाला त्याच्याजवळ ठेवून ती एकटी गेली. तिचे नावही ऑगस्टीनने लिहिलेले नाही. संतांच्या घरातही कुणाच्या तरी डोळ्यांतले पाणी दुर्लक्षित राहू शकते.

ते लग्न झालेच नाही. ॲम्ब्रोज यांची प्रवचने ऐकून ज्या बायबलला त्याने गावंढळ म्हटले होते त्यातला खोल अर्थ ऑगस्टीनला दिसू लागला होता. ऑगस्ट ३८६ मध्ये एका बागेत, संत पौलाच्या पत्रातील एका उताऱ्याने त्याच्या मनातली लढाई संपवली. त्याने घरात जाऊन ही गोष्ट आईला सांगितली. ३८७ सालच्या पुनरुत्थान सणाच्या जागरणविधीत, २४ एप्रिलच्या रात्री, ॲम्ब्रोज यांनी ऑगस्टीन, त्याचा मुलगा अदेओदातस आणि मित्र आलिपियस यांना बाप्तिस्मा दिला.

ओस्तियाचा निरोप

सगळे आफ्रिकेत परतायला निघाले. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्यांना थांबावे लागले. तिथे एका खिडकीपाशी बसून आई आणि मुलगा सार्वकालिक जीवनाविषयी बोलत राहिले. त्यानंतर काही दिवसांतच मोनिकाला ताप आला आणि आजारपणाच्या नवव्या दिवशी तिने देह ठेवला. तिच्या वयाचे ५६ वे वर्ष चालू होते, ऑगस्टीनच्या वयाचे ३३ वे. पतीशेजारी पुरले जावे, अशी तिची अनेक वर्षांची इच्छा होती. शेवटी तिने तीही सोडून दिली. देह कुठेही ठेवा, प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा, एवढेच तिने मुलांना सांगितले.

ऑगस्टीन पुढे हिप्पोचा बिशप झाला आणि ख्रिस्तसभेचा थोर आचार्य ठरला. मोनिकाचे अवशेष आज रोममधील संत ऑगस्टीनच्या चर्चमध्ये आहेत. १९४५ साली ओस्तियात जमीन खणताना तिच्या कबरीवरील शिलालेखाचा एक तुकडाही सापडला.

आपल्यासाठी

बंधू-भगिनींनो, मोनिकाने मुलाला दूर पाठवले म्हणून तो बिघडला, असे म्हणता येणार नाही. घरी बसलेल्या वर्षातही तो भटकतच होता. आणि तिने त्याला घरी अडवून ठेवले असते तर ॲम्ब्रोज त्याला भेटले नसते. दूर गेलेल्या मुलावर आपली नजर पोहोचत नाही, तिथे देवाची पोहोचते. मुलांचे गुण आणि पगार यांची जेवढी चौकशी आपण करतो, तेवढीच त्यांच्या मनाची करावी. मतभेद झाले तरी घराचे दार उघडे असावे. नव्या शहरातले चर्च, तिथले धर्मगुरू, तिथले एखादे चांगले कुटुंब यांच्याशी मुलाची गाठ घालून द्यावी. मुलांनीही ती बंदरावरची रात्र विसरू नये. आईला खरे सांगून निघणे कठीण असते, पण खोटे सांगून गेल्याचे शल्य ऑगस्टीनला अनेक वर्षांनी लिहिताना देखील टोचत होते.

२७ ऑगस्टच्या मिस्साला येताना आपल्या दूर असलेल्या मुलामुलींची नावे मनात घेऊन या. मोनिकाने स्वतःसाठी जी एकच गोष्ट मागितली होती, ती आपण त्यांच्यासाठी करू : प्रभूच्या वेदीजवळ त्यांची आठवण ठेवू. आणि संध्याकाळी त्यांना फोन करून तसे सांगूही.