कावसजी : एका नाकाचे चरित्र

वैद्यकाच्या इतिहासात ज्यांची नावे टिकून राहिली, ती बहुतेक उपचार करणाऱ्यांची असतात. ज्याच्यावर उपचार झाला तो सहसा विस्मृतीत जातो. कावसजी हा या नियमाला अपवाद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ एका मराठा शेतकऱ्याच्या तुटलेल्या नाकाच्या जागी नवे नाक बसविण्यात आले आणि त्या नाकामुळे त्याचे नाव लंडन, बर्लिन आणि पुढे साऱ्या जगाच्या शल्यशास्त्राच्या ग्रंथांत गेले. ज्याने ते नाक घडविले त्याचे नाव मात्र कोणीही नोंदविले नाही. कावसजीचे चरित्र लिहू जाता ही विसंगती पहिल्या ओळीपासून सोबत येते.

त्याच्या जन्माचे गाव, वर्ष, आईबापांची नावे यांपैकी काहीही नोंदलेले नाही. समकालीन इंग्रजी वृत्तात तो शेती करणाऱ्या जातीतला मराठा असल्याचे म्हटले आहे. नाव तेवढे इंग्रजी वर्णांतून आपल्यापर्यंत आले आहे. कावसजी हे नाव आज आपल्याला पारशी घरातले वाटते. तेव्हा त्याच्या घरची मंडळी त्याला ज्या नावाने हाक मारीत असतील ते परक्या लेखणीतून उतरताना थोडे बदललेले असणे संभवते. तथापि इतिहासाने त्याला हेच नाव दिले आहे आणि तेच येथे वापरले आहे.

त्याचा व्यवसाय मात्र स्पष्टपणे सांगितलेला आहे. इंग्रजांच्या फौजेबरोबर तो बैल हाकीत असे. मराठी बखरींतून आणि पत्रव्यवहारातून अशा लोकांचा उल्लेख बाजारबुणगे या एकाच उपेक्षेच्या शब्दाने होतो. परंतु त्या काळच्या मोहिमांचे यश किती प्रमाणात त्यांच्यावर अवलंबून होते, हे टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धाने दाखवून दिले. या युद्धात इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र आले होते. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तटापर्यंत पोहोचला, पण त्याचे बैल उपासमारीने व रोगाने इतके मेले की वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हातांनी निकामी करून त्याला माघारी फिरावे लागले. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या व मराठ्यांच्या बाजारातून धान्य मिळाले, तेव्हा कोठे त्या सैन्याचा जीव वाचला. बैल संपले की फौज संपली, हे शत्रूलाही ठाऊक होते. म्हणूनच रसदेच्या वाटेवर सापडलेला साधा बैलहाक्या हा देखील युद्धाचा बळी ठरत असे.

कावसजी असाच पकडला गेला. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, असे ते वृत्त सांगते. हे वृत्त शत्रुपक्षाचे आहे आणि टिपूच्या क्रौर्याच्या हकिगतींना त्या काळी इंग्लंडात मोठी मागणी होती, हे अभ्यासकाने विसरू नये. मात्र नाक कापण्याची शिक्षा ही एकट्या टिपूची निर्मिती नव्हती. व्यभिचार, फितुरी, चोरी अशा अनेक निमित्तांनी भारतातील अनेक राज्यांत ती दिली जात असे. किंबहुना ती सर्रास दिली जात असल्यामुळेच नाक जोडण्याची कला येथे जिवंत राहिली. त्याच अवस्थेत कावसजी श्रीरंगपट्टणनजीक मुंबईच्या इंग्रज फौजेला येऊन मिळाला. मार्च १७९२ मध्ये तह झाला. कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले.

त्यानंतर वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचून राहिला. या वर्षाविषयी कागदपत्रे काही सांगत नाहीत. भाषा मात्र पुष्कळ सांगते. हात गेलेल्या माणसाला थोटा म्हणतात, त्यात दयेचा अंश असतो. नाक गेलेल्याला नकटा म्हणतात, त्यात दया नसते. नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे, हा अर्थ मराठीप्रमाणेच हिंदी, गुजराती आणि बंगालीतही आहे. रामकथेतील शूर्पणखेपासून लोककथांतील नकट्यांपर्यंत, तुटलेले नाक आपल्या साहित्यात अपराधाची खूण म्हणूनच येते. कावसजीने कोणताही अपराध केलेला नव्हता, तो केवळ दुसऱ्याचे बैल हाकीत होता. परंतु अनोळखी गावात पाऊल टाकताच त्याचा चेहरा त्याच्याविरुद्ध साक्ष देत असणार. कापलेला हात पुन्हा येणे शक्य नव्हते, नाक येणे शक्य होते. ते करणारा माणूस पुण्याजवळ होता.

तो माणूस वैद्य नव्हता, शास्त्रीही नव्हता. वृत्तात त्याची केवळ जात दिली आहे : वीट करणाऱ्यांची. पुढील काळातील बहुतेक लेखकांनी त्याला कुंभार म्हटले आहे. मातीला आकार देणाऱ्या जमातीकडे ही कला कशी आली याचे सरळ उत्तर नाही. पण तिची पद्धत पाहिली की आकाराची जाण हाच तिचा पाया असल्याचे ध्यानात येते.

प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो उरलेल्या खुंटावर बसवीत आणि त्याला शोभेलशा नाकाचा आकार देत. म्हणजे छेद घेण्याआधी दोषाचे मोजमाप होई आणि होणारे नाक डोळ्यांसमोर उभे राही. मग तो मेणाचा आकार पसरून सपाट करीत, कपाळावर ठेवीत आणि त्याभोवती रेघ ओढीत. त्या रेघेच्या आतील कातडी सोडवून घेताना दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी मात्र तशीच जोडलेली ठेवीत. या पट्टीतून रक्त वाहत राही आणि नवी कातडी जुन्या भागाशी एकजीव होईपर्यंत तिला जीव पुरवी. साऱ्या शस्त्रक्रियेचे मर्म या बोटभर पट्टीत आहे. नंतर खुंटावरचा जुना वण खरवडून कच्चा करीत, त्याच्या मागे नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत एक चीर घेत आणि कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणून तिची कड त्या चिरेत बसवीत. टाके नसत. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावीत आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवून सांधा धरून ठेवीत. चार दिवस हाच लेप राही; मग तो काढून तुपात भिजविलेली कापडे ठेवीत. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवून ठेवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापून नाकाला अखेरचा आकार देत. गुंगीचे औषध नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

कावसजीवर हा प्रयोग १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाला. दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. स्कॉटलंडहून १७९१ मध्ये मुंबईस आलेला वेल्स पुढे पुण्यास आला आणि रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने पेशव्यांच्या दरबारी रमला. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. ज्या कुंचल्याने पेशवा रंगविला त्याच कुंचल्याने एक बैलहाक्या रंगविला, ही त्या काळातील दुर्मीळ घटना होय. अर्थात हा मान कावसजीला त्याच्या कर्तृत्वासाठी मिळाला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे कर्तृत्व होते.

लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हे चित्र कोरीव ठशावरून छापले गेले. सोबत मेणाच्या पत्र्याच्या व कपाळावरील छेदाच्या लहान आकृत्या आणि केवळ दोन आद्याक्षरांनी सही केलेले एक पत्र होते. ही क्रिया भारतात पूर्वापार चालत आली आहे आणि मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे, अशी ग्वाही त्यात दिलेली होती. साक्षीदारांची नावे आली, चित्रकाराचे आले, रोग्याचे आले. कर्त्याच्या वाट्याला केवळ जात आली.

युरोपला नाक जोडण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. सोळाव्या शतकात बोलोन्याच्या तालियाकोझीने दंडाच्या कातडीचे नाक करण्याची रीत सविस्तर लिहून १५९७ मध्ये प्रसिद्ध केली होती. पण त्यासाठी रोग्याचा हात आठवडेच्या आठवडे चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे आणि पुढे ती विद्या तेथे मागे पडली. कपाळावरील कातडीच्या पद्धतीत तो जाच नव्हता. जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्याने ही पद्धत आधी मृतदेहांवर करून पाहिली आणि ऑक्टोबर १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ती यशस्वी केली. दुसरा प्रयोग आल्बुएराच्या लढाईत नाक गमावलेल्या एका अधिकाऱ्यावर झाला. दोहोंचा वृत्तांत त्याने १८१६ मध्ये ग्रंथरूपाने दिला. बर्लिनच्या ग्रेफेने १८१८ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हापासून शल्यशास्त्रात ही रीत भारतीय पद्धत म्हणून ओळखली जाते आणि कपाळाची कातडी वापरून नाक घडविण्याची तिची सुधारलेली रूपे आजही वापरात आहेत.

येथे ग्रंथ आणि परंपरा यांच्या संबंधाचा प्रश्न उपस्थित होतो. या पद्धतीचे मूळ सुश्रुतसंहितेत आहे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान जोडण्याच्या विधीपाठोपाठ नाक जोडण्याचा विधी आहे, हे खरेच. झाडाचे पान नाकाएवढे कापून त्या मापाने कातडी घ्यावी आणि नाकपुड्यांत नळ्या ठेवाव्यात, असे सुश्रुत सांगतो. पानाने माप घेणे आणि मेणाने माप घेणे यांतील नाते उघड आहे. परंतु सुश्रुताची कातडी गालाची आहे, कपाळाची नाही. पुण्याजवळचा कारागीर काताचा लेप वापरतो. संहिता छापली गेली ती कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांच्या आवृत्तीने, १८३५-३६ मध्ये. त्या कारागिरापाशी ग्रंथ असण्याचा संभव फारच थोडा. तेव्हा त्याची विद्या ही संहितेची निव्वळ पडछाया मानता येत नाही. मधल्या शतकांत कोणीतरी गाल सोडून कपाळ निवडले, पट्टी राखून पीळ देण्याची युक्ती काढली, आणि ती हातातून हातात दिली. कांगड्याच्या कांघियारा घराण्यातही नाके जोडण्याची परंपरा होती. जुनागडच्या त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने केल्या आणि १८८९ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. लिहिणारा भेटला तेथे नाव राहिले.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी शिकता येईल. आपण ज्ञानाचा इतिहास ग्रंथांवरून लिहितो आणि ग्रंथात न सापडलेल्या सुधारणा एकतर प्राचीनांच्या खात्यावर टाकतो, नाहीतर परक्यांच्या. पुण्याजवळच्या त्या कुशल हाताची सुधारणा आधी इंग्रजांच्या शोधकतेत आणि नंतर सुश्रुताच्या थोरवीत अशी दोनदा विरून गेली आहे.

कावसजीचे पुढे काय झाले याची नोंद नाही. चित्र काढणारा वेल्स १७९५ मध्येच वारला. १७९४ नंतर कावसजी केवळ छापील चेहरा म्हणून उरतो. त्या चित्रात त्याच्या कपाळावर नाकाच्या आकाराचा उलटा वण स्पष्ट दिसतो. काळाने तो वण फारसा ध्यानात येत नाही, असे पत्रलेखकाने लिहिले होते. त्या कारागिराची स्वाक्षरी म्हणावी अशी ती एवढीच खूण आहे, आणि ती कावसजीच्या कपाळावर आहे.