प्राध्यापक कावसजी नायगमवाला

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला या नावाचे एक तरुण पारशी अध्यापक होते. त्यांचा जन्म १८५७ सालचा. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ते महाविद्यालय पाहण्यास आले. तेथील विज्ञानाच्या कार्यासाठी त्यांनी ५,००० रुपयांची देणगी दिली व सरकारने तेवढीच भर घातली. त्यातूनच पुढे एक वेधशाळा उभी राहिली.

दूरच्या ताऱ्यात कोणती द्रव्ये आहेत, हे येथे बसून कसे कळावे? चुलीच्या ज्वाळेत चिमूटभर मीठ टाकले की ज्वाळा पिवळी होते. ती मिठातील सोडियममुळे. तो प्रकाश लोलकातून नेला, तर ठराविक जागी पिवळ्या रेषा उमटतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. रेषांच्या या पटाला वर्णपट म्हणतात. १८८४ साली कावसजी इंग्लंडला गेले, तेव्हा या विद्येत नॉर्मन लॉकयर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. सूर्याच्या वर्णपटावरून हेलियम ओळखणारे ते हेच लॉकयर.

१८८८ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराज तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिच्या दुर्बिणीचा आरसा २० इंच व्यासाचा होता. एवढी मोठी दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती.

त्या सुमारास मृग नक्षत्रातील तेजोमेघाविषयी शास्त्रज्ञांत मोठा वाद चालला होता. लॉकयर यांच्या मते तो मेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचा थवा असून त्याच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची होती. तसे असेल, तर ती एका कडेस ठळक व दुसऱ्या कडेस विरत गेलेली दिसावयास हवी. कावसजींनी ती नाना प्रकारे तपासली. तिच्या दोन्ही कडा सारख्याच रेखीव होत्या! ज्यांच्याकडून धडे घेतले, त्यांच्याच मताविरुद्ध हा पुरावा जात होता. अशा वेळी भल्याभल्यांची लेखणी अडखळते. कावसजींनी मात्र जे दिसले ते लिहून लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे धाडले. ते १८९१ साली प्रसिद्ध झाले. ती रेषा अतिविरळ वायूतील ऑक्सिजनची आहे, हे पुढे १९२७ साली अमेरिकेतील बोवेन यांनी दाखवून दिले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. कावसजींनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून त्याचे वेध घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद पडली. दुर्बीण कोडाईकॅनालला गेली व तेथे अनेक वर्षे नुसती पडून राहिली. पुण्याचे हे दुर्दैवच म्हणावयाचे.

१९३८ साली कावसजी निवर्तले. त्याच वर्षी हार्लो शॅप्ली यांनी शिल्पकार तारकासमूहात एक खुजी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे एक लहानसे जग, सापडल्याचे जाहीर केले. तेथील काही वृद्ध ताऱ्यांचे वर्णपट आता वाचले गेले आहेत. त्यांतील एकात सूर्याच्या मानाने लोखंड हजारो पटींनी कमी आढळले. लोखंड ताऱ्यांत घडते व त्यांच्या स्फोटांतून विखुरते. म्हणून ज्यात ते अगदी थोडे, तो तारा फार आधीच्या पिढीचा. असेच तारे आपल्या आकाशगंगेच्या कडेलाही आढळतात. त्यावरून, अशा खुज्या दीर्घिका गिळूनच आकाशगंगा वाढली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात.