कराची ते जुहू : जे. आर. डी. टाटा यांचा हवाई प्रवास

भारतीय नागरी हवाई वाहतुकीचे जनक जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. बालपणीच विमानाचे वेड लागलेल्या जे. आर. डीं.नी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळविला. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना होता.

त्या काळी इंग्लंडहून येणारे हवाई टपाल कराचीपर्यंत विमानाने येई. मुंबई व मद्रासकडे मात्र ते रेल्वेने जात असे. हवेत वाचविलेला वेळ जमिनीवर वाया जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने टाटांपुढे टपालसेवेची योजना मांडली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डीं.नी एक इंजिनाचे 'पस मॉथ' विमान कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकट्याने उडविले. कराची ते मुंबई हे सरळ हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर. अहमदाबादमार्गे मात्र ते हजार किलोमीटरच्या वर जाते. विमानाचा वेग ताशी जेमतेम १६० किलोमीटर. सोबतीला ना रेडिओ, ना दिशादर्शक यंत्रणा. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरले. प्रवासाला लागले सुमारे सव्वासात तास. आजचे जेट विमान हेच अंतर दीड तासात कापू शकते. टपाल घेऊन व्हिन्सेंट पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला रवाना झाले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा विमाने पुण्याहून सुटत.

या सेवेचीच १९४६ मध्ये 'एअर इंडिया' झाली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. टाटांना ते रुचले नव्हते. तरीही अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि विमानातील पडद्यांपर्यंत बारकाईने लक्ष घातले. १९७८ मध्ये सरकारने त्यांना या पदावरून दूर केले. पंचवीस वर्षांच्या सेवेची ही अखेर निश्चितच शोभादायक नव्हती.

१९६२ मध्ये त्यांनी कराची-मुंबई उड्डाणाची पुनरावृत्ती केली. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, 'लेपर्ड मॉथ' या जुन्या विमानातून त्यांनी पुन्हा एकट्याने तोच मार्ग पार केला. मधल्या काळात देशाची फाळणी झाली होती, कराची परदेशात गेली होती.

१९९२ मध्ये त्यांना 'भारतरत्न' प्रदान करण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेज स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. एअर इंडिया टाटा समूहाकडे परतली ती जानेवारी २०२२ मध्ये.