हिरो म्हणून नापास झाला, विम्याच्या कचेरीत २१ वर्षं काढली आणि मग मोगॅम्बो झाला

मोगॅम्बो म्हटलं की तो झगमगीत पोशाख आणि खर्जातला आवाज आठवतो. पण हा गडी चाळिशीपर्यंत सरकारी नोकरीत होता, हे किती जणांना माहितीये?

अमरीश पुरी यांचा जन्म १९३२ सालचा, पंजाबातला. थोरले भाऊ मदन पुरी आधीच सिनेमात होते. धाकटाही हिरो व्हायला मुंबईत आला आणि स्क्रीन टेस्टमध्ये नापास झाला. भाऊ इंडस्ट्रीत असूनही!

पोटापाण्यासाठी त्यांनी कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी धरली. तिथंच उर्मिला दिवेकर भेटल्या, १९५७ साली लग्न झालं. म्हणजे मोगॅम्बो आपला जावईच की!

नोकरी सांभाळून नाटकं सुरू झाली. वयानं लहान असलेल्या सत्यदेव दुबेंना त्यांनी गुरू मानलं. दुबेंच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९७१ च्या मराठी सिनेमात छोटी भूमिका मिळाली. पुढं श्याम बेनेगलांचे 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' आले.

पण सिनेमाचा भरवसा काय? घरात बायको, मुलं आणि महिन्याला ठरलेला पगार. तरी सुमारे २१ वर्षांच्या नोकरीवर त्यांनी पाणी सोडलं.

१९८४ मध्ये आलेल्या स्पीलबर्गच्या सिनेमासाठी टक्कल केलं, ते इतकं आवडलं की पुढं तसंच ठेवलं. 'मिस्टर इंडिया' आला १९८७ साली. तेव्हा ते पंचावन्नाच्या उंबरठ्यावर होते. १२ जानेवारी २००५ ला मुंबईत गेले, तोवर काम करतच होते.